तुटलेला शाफ्ट वाचायला शिका!

आयआयएम म्हटलं की सगळ्यांना एमबीए आठवतं. आम्हा धातुवेड्यांचं आयआयएम वेगळं: इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स, स्थापना १९४६. मुख्यालय कोलकात्यात, पण खरी मजा गावोगावच्या शाखांमध्ये. पुण्या-मुंबईतही शाखा आहेत.

शाखा करतात काय? तज्ज्ञांची व्याख्यानं, कारखान्यांच्या भेटी, विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा. कल्पक्कम शाखेची अकरावी-बारावीच्या मुलांसाठीची क्विझ तर धातुशास्त्रज्ञ ब्रह्म प्रकाश यांच्या नावानं होते.

अशा व्याख्यानांत हमखास भेटणारा पाहुणा म्हणजे तुटलेला शाफ्ट. तुटलेला भाग नीट बघा. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वळणदार रेषा दिसल्या, तर तो एका झटक्यात तुटलेला नाही. फटीग! बारीकशी चीर पडली, रोजच्या फिरण्यानं ती पुढे सरकत गेली, आणि उरलेला भाग भार न पेलून शेवटी एकदम तुटला. रेषा जिथून पसरलेल्या दिसतात, तिथेच चिरेचा उगम. बऱ्याचदा तो चावीच्या खाचेच्या धारदार कोपऱ्यात सापडतो. म्हणून कोपऱ्याला थोडी गोलाई द्यायची. उपाय एवढासा, पण शाफ्टचं आयुष्य वाढवणारा!

धातुशास्त्र शिकताय किंवा हीट ट्रीटमेंट, फाउंड्रीत काम करताय? जवळच्या शाखेची चौकशी करा. आणि जाताना एखादा तुटका पार्ट खिशात असू द्या. 😄