घसा खवखवतो, कानात दडे बसतात. दोष नुसत्या मळणीच्या धुळीचा नसतो

सोयाबीनची मळणी उरकली की गावातल्या कितीतरी माणसांचा घसा धरलेला असतो. ‘भुसा गेला नाकातोंडात, जाईल चार दिवसांत,’ म्हणून माणूस पुढच्या कामाला लागतो. बहुतेकांचे जातेही. पण काहींचा घसा महिना झाला तरी खवखवतच राहतो, थुंकी गिळताना दुखते, वर कानात दडे बसतात. कानात पू नाही, पाणी नाही. मग कान दुखतो कशाने?

शेतकरी बंधूंनो, कान आणि घसा एकाच वाड्यातले बिऱ्हाडकरू समजा. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातून एक बारीक नळी थेट कानाच्या पडद्यामागे जाते. गिळताना, जांभई देताना ती उघडते आणि आत हवा पोचते. सर्दीने किंवा धुळीने तिचे तोंड सुजले की हवा पोचत नाही, पडदा आत ओढला जातो, कान गच्च वाटतो. शिवाय घशाच्या आणि कानाच्या काही नसा सामाईक आहेत. त्यामुळे दुखणे घशात असते आणि कळ कानात येते.

साधी सर्दी-पडशाची घसादुखी आठवडा-दहा दिवसांत बसते. तिला मेडिकलमधून आणलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या उपयोगी पडत नाहीत. धूळ, बुरशी लागलेले कुटार ज्याला सोसत नाही, त्याच्या नाकातले पाणी रात्री घशात उतरते आणि त्रास लांबतो. पित्ताचेही तसेच. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे झाले की आंबट पाणी वर येऊन घसा जाळते. किडलेल्या दाढेनेही कान ठणकतो. फवारणीनंतर घशाची आग होऊन लाळ सुटली, दरदरून घाम आला, अंधुक दिसू लागले तर ती विषबाधा आहे. तेव्हा तडक दवाखाना गाठावा.

खरी काळजी तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडीवाल्यांची. दारूची जोड असेल तर धोका आणखी वाढतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळते ते सरपंच-ग्रामसेवकांना वेगळे सांगायला नको. घसा एकाच बाजूला दुखतो, कळ त्याच बाजूच्या कानात जाते, घास अडकतो, आवाज घोगरा राहतो, मानेत गाठ लागते किंवा थुंकीत रक्त दिसते, यातले काहीही तीन आठवड्यांवर टिकले तर धुळीवर ढकलू नये. घशाचा कर्करोग असाच मुकाट सुरू होऊ शकतो. लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. तंबाखू न खाणाऱ्यानेही इतके दिवस थांबू नये.

कानात गरम तेल ओतायचे, काडी घालायची, हे बंद करा. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन दुखणे चिघळते. मळणीयंत्र असे लावा की वारा धूळ माणसांपासून दूर नेईल. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क घ्या.

तपासणीला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि दुखणे कधीपासून आहे, तंबाखू किती खातो, हे न लपवता सांगावे. बॅटरीच्या उजेडात घशाचा खालचा भाग दिसत नाही. त्याला दुर्बिणीची तपासणी लागते, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी तिथूनच मागून घ्यावी.