पावसाळ्यांत घोड्याचे पाय आणि तेलाचा उपयोग

मराठ्यांच्या घोडदळाची मोहीम दसऱ्यास निघे आणि पावसाळ्यापूर्वीं परते. पावसाचे महिने घोडीं छावणीस राहत. नद्यांचे पूर आणि काळ्या जमिनींतील चिखल यांपुढें स्वाराचा इलाज चालत नसे. आज घोडदळ राहिलें नाहीं, तरी आपल्या सोलापूर जिल्ह्यांत घोडा अजून आहे. धनगर बांधवांच्या बिऱ्हाडाचें ओझें वाहणारें भीमथडी तट्टू आहे, वरातीची घोडी आहे, हौसेनें पाळलेलें उमदें जनावर आहे. आषाढांत माउलींची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यांत प्रवेश करते, तेव्हां तिच्यापुढें चालणारे आणि पुढें रिंगणांत ओल्या रानावर धावणारे अश्व आपण सर्वांनीं पाहिले आहेत. दिवाळीच्या सुमारास अकलूज येथें बाजार समितीच्या विद्यमानें घोड्यांचा बाजार भरतो. त्या बाजारांत जाणतें गिऱ्हाईक जनावराचें तोंड पाहण्यापूर्वीं पाय पाहतें. चार महिन्यांत पायांची जी हयगय झाली असेल, तिचा हिशेब मालकास त्या दिवशीं द्यावा लागतो.

पावसाळ्यांत घोड्याच्या पायांस तेल लावावें कीं नाहीं, आणि लावल्यास कोणतें, असा प्रश्न वाचकांकडून आम्हांस पुष्कळ वेळां येतो. त्याचें उत्तर थोडक्यांत असें : तेल उपयोगी आहे, परंतु तें कोरड्या, स्वच्छ आणि अभंग कातडीवरच. ओल्या किंवा चिरलेल्या कातडीवर तेंच तेल अपाय करतें. हा भेद न समजल्यामुळें पुष्कळ चांगलीं जनावरें अधू होतात. म्हणून त्याचा थोडा विस्तार करितों.

आपली काळी जमीन चिकणमातीची. पाणी पितां ती फुगते आणि पायास लुकणासारखी चिकटते. त्यांतून आपल्याकडे सर्वांत अधिक पाऊस बहुधा सप्टेंबरांत, पूर्वा-उत्तरा नक्षत्रांच्या सुमारास पडतो. म्हणजे अकलूजचा बाजार तोंडावर आला असतांच चिखलाचा कहर असतो. टापेच्या वर, पायाच्या मागील बाजूस जो खळगा असतो, त्यांत हा चिखल साठून राहतो. तेथील कातडी नाजूक. ती आठ-पंधरा दिवस ओली राहिली म्हणजे, धुण्याच्या दिवशीं आपल्या बोटांची होते तशी, मऊ पडते. आणि मातीच्या कणांनीं घासून तिला बारीक चिरा पडतात.

या चिरांतून जे जंतु शिरतात त्यांपैकीं मुख्य जंतूस शास्त्रांत डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस म्हणतात. आफ्रिकेंतील काँगो देशांत गुरांच्या कातडीवर तो प्रथम आढळला व १९१५ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्यावरून हें नांव. कोरड्या खपलींत तो दीर्घकाळ निपचित पडून राहतो, आणि ओल मिळतांच जागा होऊन पसरतो. अभंग कातडीचा व तिच्यावरील नैसर्गिक तेलकट लेपाचा भेद करणें मात्र त्यास सहसा साधत नाहीं. प्रथम केसांचे झुबके चिकटून उभे राहतात. त्याखालीं खपली धरते. खपली काढली तर खालीं पू व लालसर ओली जागा दिसते. पुढें पाय सुजतो, ऊन लागतो आणि जनावर लंगडूं लागतें. पांढऱ्या पायाच्या घोड्यास हा विकार अधिक होतो.

आतां तेलाकडे वळूं. ज्यांनीं मोटेचें पाणी पाहिलें आहे त्यांस हें सांगणें नलगे कीं, मोटेच्या कातड्यास तेल द्यावयाचें तें कातडें सुकल्यावर. ओल्या कातड्यांत तेल मुरत नाहीं. तें वर तरंगतें आणि आंतलें पाणी मात्र कोंडून ठेवतें. जिवंत कातडीचा न्याय हाच. आम्हीं स्वतः एका पावसाळ्यांत ही चूक केली आहे. घोडी संध्याकाळीं भिजून आली कीं पाय धुवून लगेच गोडें तेल चोळावयाचें, असा आमचा क्रम होता. आणि आपण मोठी निगा राखीत आहों असा समजही होता. तीन आठवड्यांत तिचे मागचे दोन्ही पाय खपल्यांनीं भरले. तेल आम्ही पाण्यावर चढवीत होतों. पहारेकरी चोर आंत असतां दाराबाहेर बसवावा, तसा तो प्रकार झाला.

म्हणून पहिला उपाय तेल नव्हे; कोरडें ठाण हा होय. ठाणाची जागा भोंवतालच्या जमिनीपेक्षां वीतभर उंच करून मुरूम ठोकावा आणि मूत्र वाहून जाईल असा उतार द्यावा. वर कडब्याचा चुरा किंवा वाळलेलें गवत पसरावें व ओलें झालेलें रोज काढावें. जनावर चिखलांतून आल्यावर पाय रोज धुण्याचा हव्यास नसावा; वारंवार धुण्यानें कातडीचें स्वतःचें तेल निघून जातें. चिखल वाळूं द्यावा आणि मग मऊ ब्रशानें तो झाडावा. ओल्या चिखलावर खरारा चालविणें म्हणजे माती कातडींत घासणें होय. धुणें भागच पडलें तर जुन्या धोतराच्या फडक्यानें पाय टिपून, विशेषतः मागील खळगा, पुरता सुकवावा. पायाचे लांब केस मुळापासून कातरूं नयेत. त्यांवरून पाणी ओघळून जातें.

एवढें साधलें म्हणजे तेलाची पाळी येते. सर्व तेलें सारखीं नसतात. कांहीं तेलें हवेनें सुकून चिकट पापुद्रा धरतात, कांहीं धरीत नाहींत. तेलाचा आयोडीन अंक जितका मोठा तितकें तें लवकर सुकतें. जवसाच्या तेलाचा हा अंक १७० च्या वर, आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलाचा १४० च्या आसपास, भुईमुगाचा सुमारें ८० ते १०५, एरंडेलाचा ८१ ते ९१, आणि खोबरेलाचा अवघा ६ ते ११ असतो. करडई आपल्या जिल्ह्याचें पीक खरें. तिचें तेल जेवणांत उत्तम. पण पायावर तें लवकर चिकट होऊन धूळ धरतें. जवस तर त्याहून वाईट. पायासाठीं खोबरेल किंवा एरंडेल घ्यावें. एरंडेल दाट असल्यानें पाण्यापुढें अधिक टिकतें. दोन्ही समभाग मिसळल्यास लावण्यास सोपें जातें. बाजारांतील साधें पांढरें व्हॅसलीनही चांगलें. कडुलिंबाचें व करंजाचें तेल माशा दूर ठेवण्यासाठीं पुष्कळजण वापरतात. परंतु एखाद्या जनावराची कातडी त्यानें चुरचुरते. तें खोबरेलांत थोडें मिसळून प्रथम रुपयाएवढ्या जागीं लावून पाहावें. एंजिनाचें जळकें ऑइल मात्र कोणत्याही जनावरास लावूं नये. त्यांत काजळी व धातूचे कण असतात, आणि जनावर तें चाटतें.

तेल बाहेर जाण्यापूर्वीं लावावें, परतल्यावर नव्हे. गुडघ्याखालीं, आणि मुख्यतः टापेवरील खळग्यांत, हाताला ओशट लागेल इतपतच पातळ हात फिरवावा. दोन-तीन दिवसांनीं जुना थर फडक्यानें पुसून, कातडी नीट पाहून, मगच नवा द्यावा. उघाड पडून कडक ऊन लागल्यास पांढऱ्या पायांवर तेल ठेवूं नये.

अंगाच्या केसांस तेल चोळण्याची चाल आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. पाठीवरील तेलावर धूळ बसते आणि खोगिराखालीं पाठ लागते. रोजच्या कोरड्या खराऱ्यानें कातडीचें स्वतःचें तेल केसांवर पसरतें. पावसाचें पाणी निथळण्यास तेंच पुरे आहे. चकाकी हवी असल्यास दाण्यांत दोन-चार चमचे करडईचें तेल हळूहळू वाढवीत द्यावें. आपल्या करडईची खरी जागा ही आहे.

विकार सुरू झालाच, तर तेल ताबडतोब बंद करावें. खपल्या ओरबाडूं नयेत. औषधी दुकानांत मिळणारें क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडीन पाण्यांत पातळ करून त्यानें त्या भिजवाव्या, दहा मिनिटें थांबून धुवावें आणि पाय पूर्ण सुकवावा. सुटलेल्या खपल्या ठाणांत न टाकतां जाळाव्या, कारण रोग त्यांतच दडून राहतो. आणि आपले हात साबणानें धुवावे, कारण क्वचित् तो माणसासही जडतो. सूज वर चढूं लागली, ताप आला किंवा जनावर पाय टेकेना, तर घरगुती उपायांत दिवस न घालवितां पशुवैद्यास बोलवावें.

ज्यांच्या दावणीस घोडा नाहीं, खिलारी बैल आहेत, त्यांसही यांतील मुख्य गोष्ट लागू आहे. बैलाच्या दोन नख्यांमधील फट ओली राहिली कीं तेथेंही कातडी फाटते; आणि तेथेंही कोरड्या ठाणाची बरोबरी कोणतेंही तेल करूं शकत नाहीं.

तेव्हां वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, तेलाची बाटली आणण्यापूर्वीं मुरमाची एक गाडी आणावी. मृग लागण्याच्या आधीं ठाण उंच करण्यास एका माणसाचा एक-दोन दिवसांचा खर्च होतो. तो खर्च वांचविणाऱ्यास पुढें दिवाळींत, अकलूजच्या बाजारीं, गिऱ्हाईक वांकून पाय पाहूं लागलें म्हणजे, त्याची किंमत कळून येते.