हरकतीत बरकत आहे

महापालिकेच्या जाहीर नोटिशीत ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे एक ठरलेले वाक्य असते. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना हा शब्द आधी जरा चमत्कारिक वाटतो. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. ‘हरकत में बरकत’ ही म्हण आपण धंद्यात रोज वापरतो, पण महापालिकेच्या दारात ती विसरतो. नोटीस निघते, मुदत संपते आणि कोणी जागचे हलत नाही. पुढे मोजणीची माणसे दुकानाच्या भिंतीवर लाल खूण करू लागली की पळापळ सुरू होते. जे काम वेळेवर दिलेल्या अर्जाने झाले असते, त्यासाठी मग वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आम्ही कापडाच्या व्यापारातली माणसे. आमचा धंदा जागेशी बांधलेला असतो. ठोक विक्रीच्या गाळ्यांच्या आधाराने रफूगार, शिंपी, रंगारी, जरीवाले, हमाल आणि कटपीस विकणारे हातगाडीवाले जगतात. गाळे दहा फूट मागे सरले तर ही सारी साखळी तुटते. म्हणून शहराचा नकाशा कोण आखतो आणि त्यात आपले म्हणणे कुठे मांडता येते, हे व्यापाऱ्याला भावाइतकेच माहीत असले पाहिजे.

रस्त्याची रेषा

बाजारपेठेला सर्वांत जवळची बाब म्हणजे रस्त्याची नियमित रेषा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० प्रमाणे जुन्या रस्त्याला नवी रेषा ठरवायची असेल तर महापालिकेच्या सभेची मान्यता लागते. सभेच्या निदान एक महिना आधी आयुक्तांनी स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्यायची आणि त्या रस्त्यावरही सहीची नोटीस लावायची. लेखी हरकती सभेच्या निदान तीन पूर्ण दिवस आधी सचिवांच्या कार्यालयात पोचल्या, तर सभेला त्यांचा विचार करावाच लागतो. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि वेगळा आहे, पण त्यातही अशीच तरतूद आहे.

म्हणजे नोटीस आपल्याच गल्लीत, आपल्याच डोळ्यांसमोर लागलेली असते. तिच्यावर नाटकाची नाहीतर लग्नाच्या हॉलची जाहिरात चिकटण्याआधी ती कोणीतरी वाचली पाहिजे. एकदा रेषा ठरली की घर पाडून नवे बांधताना मागे सरावेच लागते.

विकास आराखडा

दुसरी बाब मोठी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार होतो आणि साधारण २० वर्षांनी त्याची फेरतपासणी होते. कोणत्या जागेवर शाळा, कुठे उद्यान, कुठे मंडई, कोणता रस्ता किती रुंद, हे त्यात ठरते. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर हरकतींना महिना-दोन महिन्यांची मुदत मिळते. ती गेली तर पुढची फेरतपासणी येईपर्यंत दुकानाच्या गादीवर बहुधा आपला मुलगा बसलेला असेल.

या कायद्यातला एक शब्द आमच्या बांधवांनी पाठ करून ठेवावा. हरकत ‘कोणतीही व्यक्ती’ घेऊ शकते. जागेची मालकी असलीच पाहिजे अशी अट नाही. आपल्या बाजारातली कितीतरी दुकाने पागडीची आहेत. मालक दुसऱ्या शहरात राहतो आणि त्याला भरपाई मिळाली की त्याचे काम संपते. धंदा मात्र भाडेकरूचा जातो. त्या भाडेकरूला, त्याच्या ओट्यावर मशीन टाकून बसलेल्या शिंप्याला, गल्लीतल्या कारागिराला हरकत घेण्याचा तितकाच हक्क आहे. आलेल्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. सुनावणी याच समितीपुढे होते.

हे सारे कागदावरच राहते, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचे उदाहरण पाहावे. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात चुका इतक्या होत्या की नागरिकांनी ६० हजारांहून अधिक हरकती दाखल केल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्त करायला लावला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये निघाला, त्यावरही हरकती घेतल्या गेल्या आणि मे २०१८ मध्ये शासनाची मंजुरी मिळाली. पुण्यात २०१३ च्या मसुद्यावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. हे अर्ज कोणी लिहिले? सोसायट्यांनी, संस्थांनी, नोकरदारांनी आणि निवृत्त मंडळींनी. त्यांच्याकडे नोटीस वाचण्याची सवय होती, एवढाच फरक.

दुकानदार आणि फेरीवाला

तिसरी बाब फेरीवाल्यांची. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ साली आला. त्याप्रमाणे शहरात नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे कायदा सांगतो. व्यापारी संघटनांनाही या समितीत जागा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला उठवू नये, हेही कायद्यातच लिहिलेले आहे.

पुष्कळ दुकानदारांना वाटते की हातगाडीवाला म्हणजे शत्रू. ठोक व्यापाऱ्याला विचारा. ज्याची गाडी फुटपाथवर उभी असते तो सकाळी आमच्याच गाळ्यावरून माल उचलतो. तो क्षेत्राबाहेर गेला तर आमची वहीही हलकी होते. तेव्हा दोघांनी आधी आपसात मशवरा करून समितीत एक जागा, एक वेळ, एक शिस्त सुचवावी. दोन्ही बाजू भांडत गेल्या तर निर्णय तिसराच घेतो.

अर्ज कसा असावा

आमच्या पाहण्यात आलेले बहुतेक अर्ज एकाच साच्याचे असतात. ‘आमच्यावर अन्याय होत आहे, तरी रस्ता रुंद करू नये.’ अशा अर्जावर समितीने काय करावे? तिच्यासमोर अग्निशामक दलाची गाडी गल्लीत शिरत नाही हाही प्रश्न असतोच, आणि तो खोटा नसतो. आग लागली तर पहिले आपलेच तागे जळतील. म्हणून नुसती हरकत पुरत नाही, सोबत सूचना हवी. रुंदी एकाच बाजूने न घेता दोन्ही बाजूंनी सारखी घ्यावी. माल उतरवण्याची वेळ ठरवून द्यावी. जागा जाणारच असेल तर त्याच पेठेत गाळे द्यावेत. असे लिहिले की त्या कागदाला वजन येते.

अर्जात सिटी सर्व्हे नंबर, नकाशावरील आरक्षणाचा किंवा रस्त्याचा क्रमांक, दुकान किती वर्षांचे, किती माणसांची रोजी त्यावर अवलंबून, हे स्पष्ट लिहावे. भाडेपावती, गुमास्ता, वीजबिल यांच्या नकला जोडाव्यात. प्रत्यक्ष सुनावणी मिळावी, अशी मागणी शेवटी करावी. अर्ज मराठीत द्यावा, कारण कार्यालयाचे कामकाज मराठीत चालते. ज्यांना प्रारूप, फेरबदल, अधिसूचना असले शब्द अडतात त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आवक क्रमांक टाकलेली पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

बंद पाळणे आम्हाला येते. स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ मध्ये बाजार बंद राहिले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतील उलाढालीच्या व्यापाऱ्यांवरचा तो कर उठला. पण तो साऱ्या राज्याचा प्रश्न होता. एका गल्लीसाठी सगळे शहर बंद राहत नाही. तिच्यासाठी गल्लीतल्यांनीच लिहावे लागते.

हरकत घेतली म्हणजे ती मान्य होईलच असे नाही. महापालिकेवर ऐकण्याचे बंधन आहे, मानण्याचे नाही. तरी ज्याची हरकत नोंदलेली आहे त्याचे म्हणणे पुढे कोर्टातही उभे राहते. मुदतीत जो गप्प बसला त्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो की तेव्हा कुठे होतात?

राज्यातील अनेक महापालिकांत २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले आणि पुन्हा नगरसेवक आले. त्यांना भेटावेच, पण हातात अर्जाची नक्कल घेऊन भेटावे. प्रत्येक बाजार संघटनेने आपल्यातल्या एका शिकलेल्या तरुणावर दर आठवड्याला नोटिसा वाचण्याचे काम सोपवावे आणि त्याची एक फाईल दुकानात ठेवावी. वर्षाला याचा खर्च दोन-चार तागे कापडापेक्षा जास्त येणार नाही.