कोआलाच्या रक्तातला विषाणू वाचताना

ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत कोआलाचं रक्त येतं ते जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, बर्फाच्या पेटीतून. वर प्राण्याचा क्रमांक आणि माहीत असेल तर आईचाही.

विषाणू आहे की नाही, हे क्वीन्सलँडमध्ये विचारण्यात अर्थ नसतो. इथल्या प्रत्येक कोआलाच्या पेशीपेशीत हा रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली प्रत पेशीच्या डीएनएत घालणारा विषाणू, जन्मापासूनच असतो. तो कोआलाच्या जनुकसंचात अजून मुरतो आहे, हे 2006 साली ‘नेचर’मधल्या संशोधनाने दाखवून दिलं. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग असल्याच विषाणूंचे अवशेष आहेत, पण ते फार जुने आणि बहुतेक निकामी. कोआलात हे आपल्या डोळ्यांदेखत चाललंय.

म्हणून प्रश्न उरतो तो विषाणूच्या उपप्रकाराचा, आणि त्यासाठी आम्ही त्याच्या एन्व्ह जनुकाचा एक छोटा तुकडा धरतो. विषाणू पेशीला चिकटतो ते प्रथिन इथून बनतं. पीसीआरने त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढल्यावर जेलवर योग्य जागी पट्टा उमटला, की नमुना सिक्वेन्सिंगला जातो. पट्ट्यावरून उपप्रकार ओळखू येत नाही. तो कळतो पडद्यावर, ओळीखाली ओळ लावल्यावर. बहुतेक ओळी ‘ए’ उपप्रकाराच्या, जवळपास एकसारख्या. मधूनच काही ओळींत अक्षरं बदलतात, काही गळतात, काही जास्तीची घुसतात. तिथे ‘बी’, ‘डी’ असे उपप्रकार सापडतात. एवढ्याशा फरकाने विषाणूचं दारच बदलतं: ‘ए’ फॉस्फेट वाहणाऱ्या प्रथिनातून पेशीत शिरतो, ‘बी’ थायमिन वाहणाऱ्या. ‘बी’ची नोंद 2013 साली लॉस अँजेलिसच्या प्राणिसंग्रहालयातल्या कोआलांवरून झाली आणि त्याचा संबंध कर्करोगाशी जोडला गेला.

‘ए’ सोडून बाकीचे उपप्रकार संसर्गाने पसरतात. पिल्लाच्या ओळी सहसा आईशी जुळतात, बापाशी नाही. ट्यूबवर आईचा क्रमांक हवा तो यासाठी.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नमुन्यांत वेगळाच पेच. तिथल्या बऱ्याच कोआलांत विषाणूची दोन टोकं असतात, मधला भाग गायब. पीसीआरला कुठला तुकडा उचलायचा ते ठरवणारे प्रायमर मधल्या भागाचे घेतले तर अहवाल निगेटिव्ह, टोकांचे घेतले तर पॉझिटिव्ह. प्राणी तोच!

क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातला कोआला 2022पासून संकटग्रस्त यादीत आहे. त्याला एका रानातून दुसऱ्या रानात सोडायचं, तर ‘पॉझिटिव्ह’ एवढा एक शब्द पुरत नाही. कोणता उपप्रकार आणि किती, हे अहवालात असलंच पाहिजे.