'आम्ही आपले फक्त ऐकतो'

तुमचे सर्वात आवडते गाणे कोणते, आणि ते का आवडते? आळंदी, मोशी, भोसरी आणि चाकण या भागात राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांना आम्ही हा साधा प्रश्न विचारला. उत्तरे मिळायला वेळ लागला नाही. कुणी नात सांगितली, कुणी कव्वाली, बहुतेकांनी महंमद रफींचे काही ना काही सांगितले. हे अपेक्षितच होते. पण चहा झाला, पोरे खेळायला पळाली, की हळूच दुसरी नावे बाहेर यायची. 'मोगरा फुलला'. लता मंगेशकरांनी गायलेल्या ज्ञानेश्वरांच्या विराण्या. पसायदान. आणि नाव सांगून झाले की लगेच एक वाक्य जोडले जायचे, आम्ही आपले फक्त ऐकतो हं.

तो 'फक्त' आमच्या मनात राहिला. जे मनापासून आवडते ते सांगताना एवढे अवघडायला का व्हावे? आणि आवडते तरी नेमके काय?

या भागात राहून ही गाणी कानावर पडणार नाहीत, हे शक्यच नाही. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ सालची. कार्तिकात समाधीचा सोहळा, ज्येष्ठात पालखीचे प्रस्थान, आणि मधल्या महिन्यांतही आळंदी गप्प नसते. १९१७ साली जोग महाराजांनी येथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतली मुले येथे येऊन राहतात, पाठांतर करतात, पखवाज आणि गायन शिकतात. गल्लीतून जाताना कुठल्या तरी खिडकीतून एकच बोल पुन्हा पुन्हा घोटला जात असतो. रात्रपाळी करून चाकणहून परतणारा माणूस फजरच्या अजानबरोबर घरात शिरतो आणि डोळा लागेपर्यंत दुरून काकडा ऐकू येत राहतो. लग्नाच्या दिवसांत त्यात कार्यालयांच्या बँडची भर पडते, तो भाग वेगळा.

कारखान्यांमुळे येथे उत्तरेकडून आलेले कामगारही पुष्कळ आहेत. त्यातल्या वयस्कांना 'ज्योत से ज्योत जगाते चलो' हे गाणे तोंडपाठ असते. ते १९६४ च्या 'संत ज्ञानेश्वर' या हिंदी चित्रपटातले, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. ज्या संतावर तो चित्रपट निघाला त्यांची समाधी आपल्या खोलीपासून थोड्याच अंतरावर आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

'मोगरा फुलला'ची आवड सांगणाऱ्यांमध्ये स्त्रिया जास्त होत्या. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा आवाज, हे तर आहेच. पण कारण विचारले की उत्तर चालीपाशी थांबत नव्हते. मोगरा आपल्या घरात कुठे नाही? नवरदेवाच्या सेहऱ्यात तो असतो, नवरीच्या गजऱ्यात असतो, अत्तराच्या कुपीत असतो आणि मजारवर चढणाऱ्या फुलांच्या चादरीतही असतो. दारात रोप लावावे, ते बघता बघता वाढावे, आणि एका माणसाच्या हाताबाहेर जावे, एवढेच ते चित्र. त्यासाठी कुणाला कोश उघडावा लागत नाही, कुणाला आपली श्रद्धा बाजूला ठेवावी लागत नाही. चाकणच्या एका गृहिणीचे म्हणणे असे, की या गाण्यात मला माझ्या आईचे अंगण दिसते, त्यात बाकी काय शोधायचे?

विराण्यांचे कारण आणखी खोल आहे. ज्ञानेश्वरांनी या रचना स्त्रीच्या तोंडी घातल्या आहेत. तिचा जिवलग दूर आहे, ती वाट पाहते आहे, अंगाला लावलेले चंदनही तिला भाजते आहे. एका विराणीत तर ती कावळ्याकडे शकुन मागते. कावळा ओरडला की पाहुणा येणार, हे आपल्याही घरांत मानले जायचे. आजही एखादी नानी कठड्यावरच्या कावळ्याकडे बघून चार भाकऱ्यांचे पीठ जास्त मळते. (कावळ्यावर विसंबणे बरे नव्हे हे तिला ठाऊक असते, पण पीठ मळून झालेले असते.) कोकणातल्या आपल्या घरांना तर ही वाट पाहणे नवे नाही. आधी जहाजावर आणि मग आखातात गेलेल्या माणसांची वाट पाहण्यात तिथल्या बायकांच्या पिढ्या गेल्या. मराठवाड्यातून चाकणला कामाला आलेल्या तरुणाची बायको गावी असते, तीही त्याच रांगेतली.

ज्यांनी कव्वाली मन लावून ऐकली आहे, त्यांना ही विराणी ओळखीची वाटते, आणि वाटावीच. अमीर खुस्रोंनी ज्ञानेश्वरांच्याच शतकात जन्म घेतला. त्यांच्या नावावर गायल्या जाणाऱ्या हिंदवी रचनांतही बोलणारी स्त्रीच असते, आणि तिचा प्रियकर म्हणजे मुर्शिद किंवा खुद्द मालिक. जीव स्त्रीचा आणि ओढ त्याची, ही सूफींची जुनी रीत आहे. दिल्लीत एक आणि आळंदीत एक, दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, तरी माणसाच्या तळमळीला दोघांनी एकच आवाज दिला. आमच्या मते विराणी ऐकताना आपल्याला परके वाटत नाही याचे खरे कारण हे आहे. लताबाईंचा गळा हे दुसरे कारण.

आता जात्याकडे येऊ, कारण आळंदीच्या गाण्याचे मूळ तिथेच आहे. ज्ञानेश्वरी ओवीत लिहिलेली आहे, आणि ओवी ही त्याआधीपासून बायकांची. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी आपल्या मोठ्या ग्रंथासाठी दरबारी छंद घेतला नाही, पहाटे कामाला जुंपलेल्या बाईचा घेतला.

आणि याच दळणाच्या वेळेला आपल्याकडेही गाणे होते. विजापूरच्या सूफींनी दखनी बोलीत 'चक्कीनामे' रचले. खेड्यातल्या ज्या बाईला मदरसा नाही, किताब नाही, तिच्यापर्यंत अल्लाहचे नाव पोचवायचे कसे? ती रोज पहाटे दोन-तीन तास जात्याशी बसते, तिथेच. म्हणून चक्कीनाम्यात जात्याचा खुंटा हा अलिफ होतो, अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर, आणि मधली खीळ म्हणजे रसूल. हात फिरतो आहे, पीठ पडते आहे आणि जिक्र चालू आहे. पाळण्याशी म्हणायचे 'लोरीनामे'ही असेच. रिचर्ड ईटन या अभ्यासकाने विजापूरच्या सूफींवरच्या ग्रंथात यावर सविस्तर लिहिले आहे. दखनमध्ये इस्लाम खेड्यातल्या चुलीपर्यंत कसा गेला याचे एक उत्तर त्यांना या गाण्यांत सापडले. आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्याला एवढे श्रेय क्वचितच कुणी दिले असेल.

आपल्या अनेक घरांत मात्र दखनीही होती आणि मराठी ओवीही. जाते एकच, शेजारीण समोर बसलेली, दोघींचा हात एकाच खुंट्यावर. अशा वेळी ओवी कुणाची हे कोण विचारणार? भावाची वाट पाहणारी, सासरच्या कष्टांची, लेकीच्या लग्नाची ओवी दोघींची. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळच्या गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. त्यांत आळंदी, इंद्रायणी आणि ज्ञानेश्वर पुन्हा पुन्हा येतात. आळंदी तिथल्या बायकांना माहेरासारखी वाटते. पिठाची गिरणी आली आणि ओवी गेली. आपल्या घरांतले चक्कीनामे तर त्याही आधी विसरले गेले, आणि ते गोळा करायला फारसे कुणी आपल्या दारात आले नाही.

चालींबद्दल थोडेच सांगतो. भीमसेन जोशींचे अभंग आवडणारे आपल्याकडे बरेच भेटले. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब कैरान्याचे, पण आयुष्य काढले मिरजेत, आणि १९३७ साली वारल्यावर दफनही झाले मिरजेच्या ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ. तिथे दरवर्षी त्यांच्या आठवणीत गाण्याची मैफल होते. त्यांनी मराठी नाट्यपदेही गायली. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते. तेव्हा मराठी माणूस ज्या सुरांवर जीव टाकतो, त्या सुरांना आपल्या घरचाही हात लागलेला आहे. वारकऱ्याच्या कपाळावरचा अबीर घ्या, तो शब्दसुद्धा अरबीतून आलेला.

हे सगळे खरे असले तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो आम्ही टाळणार नाही. काही घरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले, की आमच्याकडे गाणे वाजत नाही, कुठलेच नाही. वाद्यांसह गाणे जायज की नाजायज यावर आलिमांमध्ये मतभेद जुने आहेत. जे दूर राहतात त्यांच्या निर्णयाचा आदर करायला हवा. ऐकणाऱ्यांनीही तौहीदची रेषा पुसट करण्याचे कारण नाही. आरती ही पूजा आहे, ती ज्यांची आहे त्यांनी करावी, आपण शेजारधर्माने शांत उभे राहावे. पण सगळे एकाच टोपलीत टाकणे हा आळस झाला. शब्द काय म्हणतात ते आधी वाचावे, मग ठरवावे.

आळंदीजवळच्या एका शाळेत जाणाऱ्या मुलीच्या घरी हेच घडले. शाळेत पसायदान म्हणावे लागते, म्हणावे की ओठ मिटून उभे राहावे, असे तिने घरी विचारले. अब्बांना उत्तर सुचेना. अम्मीने पुस्तक आणायला सांगितले आणि दोघींनी अर्थ लावला. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ग्रंथाच्या शेवटी या नऊ ओव्या आल्या. त्यांत कुठल्या मूर्तीचे नाव नाही. साऱ्या विश्वाच्या देवाकडे मागणे आहे, आणि मागणाऱ्याने स्वतःसाठी काही मागितलेले नाही. दुष्टांचा नाश व्हावा असेही म्हटलेले नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, माणसांत दोस्ती व्हावी, ज्याला जे हवे ते मिळावे, एवढेच. मोठे काम संपले की हात उचलून दुआ मागायची आपली रीत आहे, आणि ती दुआ सर्वांसाठी असावी हेही आपण शिकवतो. अम्मीने मुलीला म्हणायची मोकळीक दिली. दुसऱ्या एका घरात याच प्रश्नाचा निर्णय उलट लागला, तेही अर्थ वाचूनच. दोन्ही घरांत निर्णय आपला होता, शेजाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या भीतीचा नव्हता, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

रफीसाहेबांचे 'शोधिसी मानवा' हे गाणे जवळजवळ प्रत्येक घरात निघाले. शब्द वंदना विटणकरांचे, चाल श्रीकांत ठाकरेंची. ज्याला तू ठिकठिकाणी शोधतोस तो तुझ्याच आत आहे, असा त्याचा अर्थ. एका पंजाबी मुसलमानाने मराठीत म्हटलेले हे गाणे ऐकताना मात्र कुणी 'फक्त ऐकतो' म्हणाले नाही. गाणारा आपला म्हटल्यावर गाणेही आपले झाले.

तसे असेल तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे काय? कादरी परंपरेतले हे सूफी, सतराव्या शतकातले. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ १६४५ सालचा, मराठीत, ओवीत. त्यांचे अभंगही आहेत, वारकरी त्यांना संत मानतात, आणि श्रीगोंद्याला त्यांच्या मजारवर आजही माणसे जातात. देहूतून तुकारामांची पालखी निघते तेव्हा तिचा पहिला थांबा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी असतो आणि तिथे पहिली आरती होते. शेख महंमदांचे नाव आम्ही ज्या घरांत विचारले, त्यांतल्या दोनच घरांनी ऐकले होते. त्यांच्या रचनांना घरोघर पोचेल अशी चाल अजून कुणी दिलेली नाही. एखाद्या तरुण गायकाने हे मनावर घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

शेवटची भेट मरकळ रस्त्यावरच्या एका घरात झाली. घरातल्या दादींचे वय ऐंशीच्या पुढे. जात्यावरच्या ओव्या येतात का, असे विचारल्यावर त्या नाही म्हणाल्या, सगळ्या विसरल्या म्हणाल्या. जाते विकून चाळीस वर्षे झाली होती. नातीने मोबाईल बाजूला ठेवला, स्वयंपाकघरातून एक परात आणून दादींच्या पुढ्यात उपडी घातली आणि त्यांचा हात धरून तिच्यावर गोल फिरवायला लागली. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला दादी गाऊ लागल्या. चार ओव्या आल्या. पहिली भावाची, दुसरी बिस्मिल्लाची, तिसरीत इंद्रायणीला पूर आलेला. चौथी अर्ध्यावर राहिली. नात मोबाईल सुरू करायला उठली, तेव्हा दादींनी हात थांबवला आणि हे कशाला, म्हणून हसल्या. तिने मोबाईल परातीशेजारी ठेवला आणि दादींचा हात पुन्हा धरला.