बोटांनाही कान असतात?

डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर गेलाय कधी? एखाद्या दिवशी तिथं गवतावरचं दवसुद्धा गोठतं. तशा गारठ्यात स्वेटरचं बटण लावून बघा. बोटं जागच्या जागी, पण बटण काही काजात जायचं नाव घेत नाही! बोटं बधिर झालेली असतात ना.

स्वीडनचे शास्त्रज्ञ रोलंड योहान्सन यांनी तर मुद्दाम माणसांची बोटं बधिर करून पाहिली. बधिर बोटांनी काडेपेटीतली काडी ओढायला सांगितली. डोळ्यांना सगळं दिसत होतं, तरी काडी आपली निसटतेच आहे!

हे योहान्सन आणि त्यांचे सहकारी व्हाल्बो यांनी 1979 साली एक हिशोब मांडला. आपल्या एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे 17,000 मज्जातंतू असतात. कुणी दाब ओळखतो, कुणी वस्तू निसटायला लागली की लगेच चुगली करतो. काहींच्या टोकाला तर कांद्यासारखे पापुद्रे असलेली जेमतेम मिलिमीटरभर गाठ असते. ती थरथर टिपते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलात, तर विचारून तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवा आणि कुणाला तरी तार छेडायला सांगा. तळव्याला जी झिणझिण कळेल ना, ती याच कांद्यांची करामत!

आता कृत्रिम हात घ्या. मोटार लावलेला हात पेला उचलतो, पिशवी धरतो. पण भिलारच्या शेतातली पिकलेली स्ट्रॉबेरी? जरा जास्त दाबली की जागेवरच जॅम! कारण किती दाबलं हे त्या हाताला कळतच नाही.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी यावर एक युक्ती काढली. हात गमावलेल्या एका माणसाच्या कोपराखाली उरलेल्या हातातल्या मज्जातंतूंभोवती त्यांनी बारीक विद्युत पट्ट्या बसवल्या आणि कृत्रिम बोटांवर दाब मोजणारे सेन्सर लावले. बोट दाबलं की सेन्सरचा निरोप विजेच्या ठोक्यांनी मज्जातंतूत आणि तिथून मेंदूत! मग डोळे बांधून त्याला चेरीचे देठ काढायला दिले. सेन्सर बंद असताना बऱ्याच चेऱ्या चिरडल्या, चालू केल्यावर बहुतेक शाबूत राहिल्या. मला सगळ्यात भारी वाटली ती पुढची गोष्ट. स्पर्श त्याला उरलेल्या हातात नाही, तर नसलेल्या बोटांत जाणवत होता!

असे हात अजून प्रयोगशाळेबाहेर फारसे आलेले नाहीत. तोवर तुम्ही एक करा. आज डोळे मिटून शर्टाचं बटण लावा. काज आधी कुठल्या बोटाला सापडलं, ते पत्रानं कळवा.