घोड्यावरचे महापौर

बॉस्टन, एप्रिल 1825. महापौर जोसाया क्विन्सी यांच्या नोंदलेल्या कामांवरून आणि सवयींवरून जुळवलेला हा एक दिवस.

पहाटे 5. घोड्यावर खोगीर चढलंय. क्विन्सी 53 वर्षांचे. राज्याच्या सिनेटमध्ये बसलेले, वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये आठ वर्षं काढलेले, राज्याच्या विधानसभेचे सभापती राहिलेले. आता उजाडायच्या आत बोळाबोळांतून फिरतात. कुठं घाण साचलीय, कुठं पाणी तुंबलंय, स्वतःच्या डोळ्यांनी बघतात.

सकाळी 6. खराटे चालू झालेत. मागून फावडी, त्यामागं गाड्या. लीद, राख, चिखल. 1823 मध्ये क्विन्सी महापौर होईपर्यंत सगळं गाव असं नेमानं कधी झाडलंच नव्हतं. गाडी भरली की जड होते, चाकं रुततात, माणसं खांदा लावतात. गावाला नकोसं झालेलं हे ओझं शेतात खत म्हणून चालतं.

सकाळी 10. कचेरीत समित्यांच्या बैठका. प्रत्येक समितीचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलंय. त्यामुळे कामं हलतात. शिव्याही एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

दुपारी 12. फॅन्युइल हॉलच्या बाजाराजवळ पाय ठेवायला जागा नाही. गाड्या रस्त्यातच उभ्या, भाजी-मांसाचे सौदे तिथंच. शेजारी भर घालून नवी जमीन काढायचं काम आहे. तिथं ग्रॅनाइटची दुमजली मंडई उठायची आहे: 535 फूट लांब, 50 फूट रुंद. 27 तारखेला कोनशिला. इमारतीला पुढं 1,50,000 डॉलर लागले. सहा नवे रस्ते निघाले. त्यासाठी लोकांवर नवा कर बसला नाही.

दुपारी 4. विषय आगीचा. याच महिन्याच्या 7 तारखेला मोठी आग लागली होती. अजून बादल्यांची रांग धरून पाणी पोचवायची रीत आहे. शंभर फूट नळी साठ माणसांच्या बादल्यांइतकं काम करते, असा हिशोब मांडला जातो. नळ्या, नवे बंब, जमिनीखाली पाण्याच्या टाक्या, सगळं हवं. जुन्या बंबवाल्यांना ही ढवळाढवळ रुचत नाही. त्यांची नाराजी पुढं 1828 च्या डिसेंबरात नडली. महापौरपदाच्या निवडणुकीत दोन फेऱ्यांत बहुमत मिळालं नाही, तेव्हा क्विन्सींनी नाव मागं घेतलं.

रात्री 9. ते सगळं अजून लांब आहे. कागद आवरले. घोड्याला चंदी मिळाली. पहाटे 5 ला पुन्हा निघायचंय.